शिंपिणीची मजुरी

फार मागे, एका करंजाच्या बनात शिंपी पक्ष्याची मादी राहायची. सगळे तिला शिंपीण म्हणत. एका वादळात तिचा पंख मोडला आणि तिचं उडणं कायमचं थांबलं. साळुंकी रोज तिच्यापुढे एखादी अळी टाकून जायची. शिंपीण ती खायची, पण फुकटचं खाणं तिला रुचायचं नाही.

एके दिवशी ती बुलबुलाला म्हणाली, "दादा, मला काम दे. पानं आणि कापूस तू आणून दे, खालच्या फांदीवर घरटं मी शिवते. मजुरी इतर शिंपी घेतात तीच, दोन अळ्या."

"ठरलं," बुलबुल म्हणाला.

तिनं बारीक टाके घालून घरटं शिवलं. बुलबुलानं मात्र एकच अळी पुढे ठेवली. "तुझ्यासारखीला काम दिलं, हेच काय कमी आहे?"

शिंपिणीला कडकडून भूक लागली होती. तरी तिनं अळीला चोच लावली नाही. "दया साळुंकी करतेच आहे. तू मला कामाला लावलंस. टाक्यात काही उणं असेल तर दाखव आणि मजुरी काप."

बुलबुलाची बायको घरट्यात बसून पाहत होती. ती म्हणाली, "अहो, शिवायला चोच लागते. तुम्ही तिचे पंख काय बघत बसलात?"

बुलबुल ओशाळला आणि दुसरी अळी घेऊन आला.

शिंपीण पोटभर जेवली. मग म्हणाली, "होल्यालाही घरटं हवंय म्हणे. त्याला सांग, मजुरी हीच."