काठावरचे

त्या तळ्यावर दोन थवे होते, आणि कोणत्याच थव्यात नसलेले पक्षी त्या दोन्ही थव्यांपेक्षा जास्त होते.

एक थवा पांढऱ्या करकोच्यांचा, दुसरा राखी करकोच्यांचा. पांढरे पूर्वेच्या उथळ पाण्यात राहत, राखी पश्चिमेला. उरलेले सगळे काठाकाठाने पसरलेले असत. कोणी थव्यातून फुटलेले, कोणी थव्यात कधीच न शिरलेले, कोणी पांढऱ्या आईची आणि राखी बापाची चितकबरी पोरे. थव्यातले त्यांना ‘काठावरचे’ म्हणत. त्या शब्दात थोडी कीव असे आणि बराचसा संशय.

उन्हे तापू लागली आणि तळे आटू लागले, की सगळ्यांनाच डोंगरापलीकडे जावे लागे. एकट्यादुकट्याला तो डोंगर ओलांडता येत नसे. वारा त्याला उचलून कड्यावर आपटी. म्हणून सारे तळे एकाच बाणात, टोकाला एक आणि मागे दोन ओळी अशा आकारात, उडे, आणि त्या बाणाची वाट ठरवायला एक पुढारी लागे. त्याची रीत जुनी होती. आधी प्रत्येक थवा आपल्यातला एक जण पुढे करी, मग त्या दोघांतला एक सारे तळे मिळून निवडी. काठावरच्यांनाही रीतीने एक मुभा होती. थव्यांच्या निवडीच्या दिवशी त्यांनी कोणत्याही एका थव्यात जाऊन उभे राहावे. त्या दिवसापुरते ते त्या थव्याचे.

एरवी या मुभेकडे कोणाचे लक्ष नसे, कारण पांढऱ्यांचा पुढारी कोण हे सगळ्यांना ठाऊकच असे. तो रायाजी असे. रायाजीने पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटेने, उंच खिंडीतून, थवा नेला होता. त्याची मान वयाने झुकली नव्हती आणि खिंड म्हणजेच आपण, असे त्याला मनापासून वाटे. पण मागच्या खेपेला खिंडीत वादळाने गाठले. बाण मोडला. बरेच पक्षी परत दिसले नाहीत. तेव्हा यंदा वेणू नावाची तरुण मादी उभी राहिली. ती म्हणाली की खिंड सोडावी आणि नदीच्या घळीने जावे. वाट लांब आहे, मध्ये मुक्काम करावा लागेल, पण वारा कमी आहे.

थव्यात उभी फूट पडली. राखी थव्यात मात्र चुरस नव्हती. त्यांचा उमेदवार आधीच ठरला होता. त्यामुळे काठावरचे झुंडीने पांढऱ्यांकडे येणार हे उघड होते, आणि ते कोणाकडे झुकतील हेही. त्यांच्यात म्हातारे होते, लेकुरवाळे होते, पंख दुखावलेले होते. त्यांना घळच हवी होती.

पांढऱ्यांच्या पाण्यात शिरायला लव्हाळ्यांतून एकच वाट होती. तिथे निवडीच्या दिवशी उभे राहण्याचे काम सगुणाचे. सगुणा थव्यातली जुनी. तळ्यावरचे तिचे सगळे आयुष्य याच पाण्यात गेले होते आणि पश्चिमेच्या पाण्याची चव कशी असते हे तिने कधी पाहिले नव्हते. उमेदीत, तिच्या पहिल्याच खेपेला, वाऱ्याने ती बाणातून बाहेर फेकली गेली होती. तेव्हा रायाजीने आपली जागा सोडून तिच्या पुढे येऊन वारा अंगावर घेतला आणि तिला ओळीत परत आणले. त्यानंतर प्रत्येक निवडीत ती त्याच्याच बाजूला उभी राहिली. यंदाही उभी राहणार होती. घळीची वाट बरी, हे तिला मनातून पटले होते. पण पटणे वेगळे आणि उभे राहणे वेगळे, असे ती स्वतःला सांगे.

निवडीच्या आदल्या संध्याकाळी रायाजीची माणसे तिच्याकडे आली. त्यांचे म्हणणे साधे होते. काठावरच्यांना अडवा असे आम्ही म्हणत नाही, रीत मोडायची नाही. पण आत सोडण्याआधी त्यांच्याकडून एक शपथ घ्यावी. जो जिंकेल त्याच्यामागे उडेन, काही झाले तरी बाण सोडणार नाही, एवढीच. जे आमचा पुढारी निवडायला येतात, त्यांनी वादळात आमच्यामागे राहायला नको का? त्यांच्यातला एक हसून म्हणाला की पक्ष म्हणजे पंख, आणि ज्याला पक्षच नाही तो पक्षी कसला. सगुणाला विनोद आवडला नाही. मागणी मात्र तिला रास्त वाटली. ती हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऊन वर येताच काठावरचे येऊ लागले. सगुणा प्रत्येकाला थांबवून शपथ सांगे. काहींनी ती घाईघाईने म्हटली. काही जण चोच मिटून उभे राहिले आणि मागे फिरले. एक पिल्लांची आई म्हणाली, की तिच्या पिल्लांचे पंख त्या दिवशी कसे असतील हे तिला आजच कसे सांगता येईल. तीही परत गेली. परत जाणाऱ्यांची रांग येणाऱ्यांच्या रांगेएवढी झाली. लव्हाळ्यांच्या आतून रायाजीची माणसे हे समाधानाने पाहत होती.

मग भिवा आला. भिवा पूर्वी पांढऱ्या थव्यातच होता, सगुणाच्या दोन हात पलीकडे त्याचे घरटे असे. मागच्या खेपेला खिंडीत त्याची जोडीदारीण मागे पडली. तो ओरडला, पण पुढचे थांबले नाहीत. वादळात थांबता येत नाही, हे खरेच होते. तळ्यावर परतल्यावर तो थव्यात आला नाही. काठावर जाऊन राहिला.

सगुणाने त्यालाही शपथ सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली.

“आक्का, ही शपथ आत उभे आहेत त्यांनाही घातलीस का?” त्याने विचारले.

“ते थव्यातले आहेत.”

“म्हणजे वेणू जिंकली तर रायाजी तिच्यामागे उडेल?”

त्याच्या आवाजात टोमणा असता तर सगुणाला उत्तर सोपे गेले असते. तो नुसता विचारत होता.

“मी शपथ घेणार नाही,” भिवा म्हणाला. “एकदा घेतली होती, जन्मभराची. आता त्या दिवशी जमलं तर येईन, नाही जमलं तर नाही. तू मला आत सोडू नकोस हवं तर. तुझ्यावर राग नाही.”

तो फिरू लागला. सगुणाने त्याला थांबायला सांगितले आणि ती आत गेली. रायाजी आपल्या उंचवट्यावर उभा होता, भोवती त्याची माणसे. तिने त्याला बाजूला घेतले नाही. सगळ्यांदेखत विचारले, की तीच शपथ तो घेईल का. रायाजीने प्रेमाने म्हटले, “सगुणा, मी कुणाच्या मागे उडायची शपथ घेऊ? थवा तर मीच आहे.”

भोवतालच्यांनी माना डोलावल्या. त्याने हे घमेंडीने म्हटले नव्हते. आभाळ वर आहे असे सांगावे, तसे म्हटले होते. सगुणाला त्याच्या चेहऱ्यात तोच पक्षी दिसला, ज्याने एकदा तिच्यासाठी वारा अंगावर घेतला होता. तिला वाईट वाटले ते त्यामुळेच.

ती वाटेवर परतली. त्यानंतर तिने कोणालाच शपथ घातली नाही. परत गेलेल्यांनाही तिने निरोप धाडला. पिल्लांची आई पिल्लांसकट आली.

निवड होत असे ती अशी. उथळ पाण्यात दोन उंचवटे होते, प्रत्येक उमेदवाराचा एक. सगळे उभे राहिले, की दोन्ही उंचवट्यांवरून एकेक पाठीराखा पक्षी एकाच वेळी उडून जाई. अशा जोड्या उडत उडत ज्याच्या उंचवट्यावर शेवटी कोणी उरे, तो जिंकला. वाटेचे काम संपल्यावर सगुणा पाण्यातून चालत गेली आणि रायाजीच्या उंचवट्यापाशी, अगदी मागे, जाऊन उभी राहिली. काही जणांनी तिला जागा करून दिली नाही. तिने पाय पाण्यातच ठेवले.

जोड्या उडू लागल्या. आधी पुढचे उडाले, दोन्हींकडचे थव्यातले जुने. मग मधले. उंचवटे विरळ होत गेले तसा तळ्यावरचा आवाज थांबला. शेवटी रायाजीकडे एकटी सगुणा उरली. समोरच्या उंचवट्यावर भिवा होता, त्याच्यामागे ती आई, तिची पिल्ले आणि थोडे चितकबरे. सगुणा आणि भिवा एकाच वेळी उडाले. वर आल्यावर दोघांनी खाली पाहिले. वेणूच्या उंचवट्यावर उभे होते ते सगळे काठावरचे.

त्यानंतर तळ्यावर दुसरे बोलणे नव्हते. काठावरच्यांनी आमचा पुढारी ठरवला, असे थव्यात म्हटले जाऊ लागले. पहिल्याच जोडीत उडालेला जुना पांढरा पक्षीही वेणूसाठीच उभा होता आणि तोही तेवढाच मोजला गेला होता. पण तो पक्षी कोणाला आठवत नव्हता. डोळ्यांसमोर राहिले ते शेवटचेच. सगुणाशी बोलणे बऱ्याच जणांनी सोडले. ती वेणूला फितूर झाली, असे म्हणावे तर ती रायाजीच्या बाजूने उभी राहिलेली सगळ्यांनी पाहिली होती. त्यामुळे तिला काय म्हणावे हे त्यांना ठरवता येईना, आणि तेच त्यांना अधिक खुपत होते.

पुढे साऱ्या तळ्यानेही राखी उमेदवाराला मागे टाकून वेणूलाच निवडले.

निघायच्या दिवशी तळ्याचा तळ ठिकठिकाणी उघडा पडला होता. वेणू पाण्याबाहेर येऊन उभी राहिली आणि तिने हाक दिली. राखी थवा रीतीप्रमाणे तिच्या डाव्या हाताला ओळ धरून आला. हरलो तरी ओळ सोडायची नाही, ही त्यांची जुनी शिस्त होती. उजवी ओळ पांढऱ्यांची. तिथे तरुण आले, मधल्या वयाचे थोडे आले, आणि नंतर कोणी येईना. रायाजी आणि त्याची माणसे उंचवट्यावरच बसून होती. आम्ही मागाहून खिंडीने जाऊ, असे त्यांनी कळवले होते.

काठावरचेही सगळे आले नाहीत. ती आई आली. काही चितकबरे आले. काही जण अजून दोन दिवस थांबून वारा बघू म्हणाले. भिवा कुठे दिसला नाही. एका तरुण पांढऱ्याने वेणूला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटले, की बघा, निवडायला आले आणि उडायला नाहीत. वेणूने मान खाली घातली. ती पहिल्यांदाच लहान दिसली.

सगुणा रायाजीकडे गेली. त्याने तिच्यासाठी आपल्या शेजारची जागा मोकळी ठेवली होती.

“तू माझ्या बाजूला उभी होतीस,” तो म्हणाला.

“होते.”

“मग?”

“निवड झाली, रायाजी.” तिला आणखी पुष्कळ सांगायचे होते, खिंडीतल्या त्या पहिल्या खेपेबद्दल, आणि तेव्हा त्याने आपली जागा सोडली होती त्याबद्दल. तिने एवढेच म्हटले, “चल माझ्याबरोबर.”

रायाजी आटलेल्या तळ्याकडे बघत उंचवट्यावरच बसून राहिला. सगुणा उडाली आणि वेणूच्या उजव्या पंखामागच्या जागी, जी थव्यात नेहमी सर्वांत जुन्याची असते, तिथे जाऊन ओळीला लागली.

घळ लांब होती. वाट ठरवणे पुढाऱ्याचे, पण टोकावर वारा फोडण्याचे काम थकेल त्याप्रमाणे बदलावे लागे. मुक्कामानंतरच्या दिवशी घळ संपून बर्फाचा उतार लागला. तिथे वाऱ्याने उलट दिशा धरली. वेणूचे पंख जड पडू लागले. तिने खूण केली आणि ती शेपटाकडे सरकली. सगुणा टोकावर आली. वाऱ्याने तिच्या छातीवर घाव घातला तेव्हा तिला आपले वय कळले.

ती पुढे आल्याने तिच्या मागची जागा मोकळी पडली. उजवी ओळ आधीच तोकडी. त्या जागेनंतर होती ती एक तरुण पोर, आणि तिला एवढे अंतर भरून काढता येईना. सारा बाण हळूहळू उजवीकडे कलू लागला. टोकावरच्याला मान वळवता येत नाही. वळवली तर सगळे मागचे वाकडे होतात. सगुणाला मागे काय चालले आहे हे कळायला एकच मार्ग होता. तिने खाली पाहिले.

खाली उन्हातल्या बर्फावर बाणाची सावली चालली होती. डावी ओळ लांब, उजवी आखूड, आणि टोकाच्या मागे उजवीकडे पांढरी फट. फट रुंद होत होती. सगुणा पंख मारत राहिली आणि त्या फटीकडे बघत राहिली.

मग बर्फाच्या कडेने, बाणाच्या बाहेरून, एक सुटी सावली आली. ती थकलेली होती. वाऱ्याने दोनदा मागे पडली, पुन्हा पुढे आली. ओळीच्या बाजूने सरकत ती त्या फटीपाशी पोचली, क्षणभर डळमळली आणि आत शिरली. बाण सरळ झाला.

ती कोणाची हे ओळखायला सगुणाने त्या सावलीकडे नीट निरखून पाहिले. लांब मान, मागे ताणलेले पाय, उघडे पंख. बर्फावर ती बाकीच्या सावल्यांइतकीच काळी होती.