दहा मीटरवरचा प्रश्न

"तुम्ही तिला खाली का बोलावलंत, सर?"

 मुजावर सर सूर मारायच्या मनोऱ्याच्या जिन्याकडे पाहत होते. ओल्या हाताने कठडा धरून कस्तुरी एकेक पायरी उतरत होती.

 तलावात पोहणारी मुलं काठ धरून थांबली होती.

शलाकाने पुन्हा तेच विचारलं. आता तिचा आवाज चढला होता.

सर म्हणाले, "वर असताना ती काय म्हणाली?"

"भीती वाटत नाही म्हणाली."

"म्हणूनच."

एवढं बोलून ते चपला घालून निघून गेले.

शलाका तेंडोलकर क्रीडा मानसशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासाच्या शेवटच्या वर्षाला होती. वेंगुर्ल्याहून सोलापूरला शिकायला आलेली, वर्गात पहिली. पुस्तकं संपली की या अभ्यासात खरा खेळाडू हाती देतात. जाणत्या शिक्षकाच्या नजरेखाली त्याच्याबरोबर काम करायचं. शिक्षक म्हणतील तेव्हाच एकट्याने काम करायला मोकळं व्हायचं.

शलाकाचे शिक्षक डॉ. बशीर मुजावर. साठी उलटलेले, कमी बोलणारे. कुस्तीगीर, नेमबाज, धावपटू, सगळे त्यांच्याकडे येत. येताना मान खाली घालून येत आणि जाताना कसे जात, ते कोणी नीट सांगू शकत नसे.

कस्तुरी बिराजदारला शलाकाने स्वतः मागून घेतलं होतं. सोळा वर्षांची मुलगी, मनोऱ्यावरून पाण्यात सूर मारणारी. आदल्या वर्षी पाठमोरी उडी घेताना तिची टाच काँक्रीटच्या कडेला लागली आणि ती पाठीवर आपटली. उंचावरून पडलं की पाणी फरशीसारखं लागतं. वर आली तेव्हा तिच्या नाकातोंडातून रक्त येत होतं. त्यानंतर ती मनोऱ्याच्या पहिल्या टप्प्यावरही जाईना.

तिला घेताना शलाका सरांना म्हणाली होती, की भीती शिकलेली असते, आणि शिकलेलं विसरवता येतं.



शलाकाने सगळं पद्धतशीर केलं. श्वास शिकवला. डोळे मिटून उडी मनात पाहायला शिकवली. मनाशी म्हणायचे शब्द दिले. आधी पाच मीटर, मग साडेसात. कस्तुरी प्रत्येक टप्पा ओलांडत गेली. उडीआधी शलाका खालून विचारायची, भीती वाटते का? सुरुवातीला कस्तुरी रडायची. मग नुसती मान हलवायची. शेवटी शेवटी "नाही ताई" म्हणायची आणि सूर मारायची. प्रशिक्षक वाघचौरे खूश होते. राज्य संघाची निवड पुढच्या आठवड्यावर आली होती.

त्या सकाळी कस्तुरी पहिल्यांदा दहा मीटरवर चढली. सर मुद्दाम पाहायला आले होते. शलाकाचा प्रश्न या वेळी त्यांनीच विचारला.

ती "नाही सर" म्हणाली. आणि सरांनी हात वर करून तिला जिन्याने खाली बोलावलं. सगळ्यांसमोर.

दुपारी शलाका त्यांच्या खोलीवर गेली, ती भांडायच्या तयारीनेच. तिने खूप काही ऐकवलं. कस्तुरीचा आत्मविश्वास तुम्ही एका हाकेने मोडलात, असंही म्हणाली.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी एवढंच सांगितलं, की तिच्याजवळ जाऊन बस. पण तिला काही शिकवू नकोस.

शिकवायचं नाही तर बसून करायचं काय, हे शलाकाला कळेना. तरी ती गेली.

कस्तुरी कपडे बदलायच्या खोलीबाहेर पायरीवर बसून भाकरी आणि शेंगाची चटणी खात होती. शलाका शेजारी बसली. 

कस्तुरीने अर्धी भाकरी संपवली.

"ताई, एक सांगू? रागावणार नाही ना?"

शलाकाने नाही म्हणून मान हलवली.

कस्तुरी सांगू लागली. साडेसातवर जायला लागल्यापासून असं होतं, की वर गेलं की आवाज बंद होतात. तलावाच्या पंपाचा नाही, पाण्याचा नाही, कोणाचाच नाही. स्वतःचे हात दुसऱ्या कोणाचे तरी वाटतात. मनोऱ्याच्या कडेवर एक मुलगी उभी असते, आणि आपण तिच्या मागे कुठेतरी असतो. उडी ती मुलगी मारते. आपण पाण्यात गेल्यावर परत येतो.

"छान वाटतं, ताई. काहीच वाटत नाही."



"सकाळी सरांनी विचारलं, ते ऐकू आलं होतं तुला?"

"नाही. ओठ हलताना दिसले. तुम्ही नेहमी तेच विचारता, म्हणून नाही म्हटलं."

"मग खाली कशी आलीस?"

"सरांनी हात केला ना."

भाकरीचा तुकडा मोडून ती पुढे म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात भीती जाईल. गेली बघा."

 त्या रात्री साडेसातवरच्या सगळ्या उड्या शलाकाला पुन्हा दिसू लागल्या. प्रत्येक उडीनंतर तिने टाळ्या वाजवल्या होत्या. डोळ्यांसमोर एकच येत होतं. कठडा नसलेली कड, तिच्यावर पाण्याकडे पाठ करून, नुसत्या चवड्यांवर तोललेलं शरीर, टाचा हवेत... आणि त्या शरीरात कोणीच नाही.

सर नसते आले तर सकाळी शलाकाच हसून म्हणाली असती, शाब्बास, मार सूर.

दुसऱ्या दिवशी ती सरांसमोर उभी राहिली. कस्तुरीला दुसऱ्या कोणाकडे द्या, म्हणाली. आपण हे शिक्षण सोडून घरी जाणार आहोत, असंही म्हणाली.

"का?"

"मला भीती वाटते, सर."

सरांनी खुर्ची पुढे सरकवली.

"बस."

ती बसली. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. सरांनी ते पाहिलं, पण समजूत घातली नाही.

ते म्हणाले, "आता जा तिच्याकडे."

"जाऊन काय करू?"

"तिची भीती तिला परत दे."

"कशी?"

"ते मला माहीत नाही... पण कालपर्यंत 'कशी' असं विचारावंसंही तुला वाटलं नव्हतं."

निवड हुकली. कस्तुरीचे वडील अक्कलकोटहून आले आणि तलावाच्या फाटकाशी शलाकाला म्हणाले, की पोरगी बरी होत होती, तुम्ही मध्येच काय केलंत? 

ते गेल्यावर तिने कस्तुरीला मनोऱ्यावर पाठवलंच नाही. काठावर अनवाणी उभं केलं. पायाला काय लागतंय ते विचारलं. कानाला काय येतंय ते विचारलं. शब्द दिले नाहीत, डोळे मिटायला सांगितलं नाही. पावसाळा असाच गेला. मग एक मीटर. मग तीन.

पाच मीटरवर एके दिवशी कस्तुरी एकदम खाली बसली. दोन्ही हातांनी कठडा आवळून धरला आणि मोठ्याने रडू लागली. टाच, टाच, असं काहीतरी म्हणत होती. वाघचौरे खालून ओरडले, की सगळी मेहनत पाण्यात गेली.

शलाका वर गेली. आजवर ती कधी मनोऱ्यावर चढली नव्हती. तिसऱ्या वळणावर तिने चुकून खाली पाहिलं आणि तिचे पाय जागीच थांबले. उरलेल्या पायऱ्या ती हातापायांवर चढली. कस्तुरीजवळ पोचली आणि तिथेच बसली.

दोघी एकमेकींना धरून बसल्या. कोण कोणाला धरून होतं, हे खालून कळत नव्हतं.

सर काठावर उभे होते.  तळपायाला फरशी गार लागते म्हणून कोणाकडून तरी त्यांनी चटई मागवून घेतली आणि तिच्यावर उभे राहिले.

थंडी सुरू झाल्यावर कस्तुरी स्वतःच म्हणाली, की मी वर जाते.

त्या सकाळी पाण्यावर पातळ वाफ होती. ती दहा मीटरवर पोचली, कडेशी गेली, पाठमोरी झाली. टाचा हवेत आल्या. तिच्या पिंढऱ्या थरथरत होत्या, ते खालूनही दिसत होतं.

वाघचौरे म्हणाले, "डॉक्टर, ही पडणार. बोलवा खाली."

सरांनी शलाकाकडे बोट केलं.

शलाकाने सरांकडे पाहिलं. ते पाण्याकडे पाहत होते.

तिला ओरडून म्हणावंसं वाटलं, उतर, आत्ता उतर. आदल्या वर्षी कस्तुरीच्या नाकातोंडातून आलेलं रक्त तिने पाहिलं नव्हतं. तरी तिला ते समोर दिसत होतं.



"कस्तुरी, भीती वाटते?"

"हो ताई... खूप."

"माझा आवाज येतोय?"

"येतोय. पंपाचाही येतोय."

"काय करायचंय तुला?"

 वारा नव्हता. पोहणारी मुलं पुन्हा काठाला लागली होती.

"थांबा जरा," कस्तुरी म्हणाली.

सगळे थांबले. 

मग कस्तुरीने हात वर नेले आणि ती कडेवरून सुटली.

ती पाण्यात गेली ती हातांवर. पाय फाकले होते, पाणी खूप उडालं. काही वेळ वाफ आणि फेस एवढंच दिसत होतं. मग डोकं वर आलं. ती खोकली, तिने नाक पुसलं, हात पाहिला. हाताला नुसतं पाणी होतं. ती रडत रडत काठाकडे पोहू लागली.

"पाय जुळले नाहीत," वाघचौरे म्हणाले आणि तोंड फिरवून त्यांनी डोळे पुसले.

शलाका ओल्या फरशीवर बसली होती.  छातीतले ठोके कानात वाजत होते. सर जवळ येऊन उभे राहिले.

तिने वर न पाहताच विचारलं, "सर, ही भीती कधी जाते? उडी मारणाऱ्याची नाही... खाली उभं राहणाऱ्याची."

सर वाकले. त्यांनी आपलं मनगट तिच्यापुढे धरलं.

तिला आधी कळलं नाही. मग तिने दोन बोटं त्यांच्या नाडीवर ठेवली.

नाडी धावत होती. पकडलेल्या पाखरासारखी.

तिने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा नेहमीसारखाच शांत होता.

सरांनी मनगट सोडवून घेतलं आणि तिला उठायला हात दिला.

"चल. पुढची मुलगी वर चढतेय."