तिसाव्या सेकंदानंतर

"गाणं मी प्रसिद्ध केलं, अक्का. पण ते प्रसिद्ध होत नाही. असं का?"

शार्दूलने बसायच्या आधीच विचारलं.

मिरजेत, त्याच्या गुरू इंदूअक्कांच्या खोलीत, नमस्काराआधी प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. पण अक्का रागावल्या नाहीत. ऐंशी वर्षांच्या झाल्या तरी नवीन काही कानावर पडलं की त्या पुढे सरकून बसत. कोपऱ्यात तंबोरे बनवणारे बशीरचाचा अक्कांच्या तंबोऱ्याची तारांखालची घोडी कानशीने घासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"म्हणजे नक्की काय केलंस?"

"सगळं मीच केलं. शब्द माझे, चाल माझी. रेकॉर्डिंग घरातच, भिंतीला गाद्या लावून. कंपनी नाही, कोणी नाही. इंटरनेटवरही मीच टाकलं. आता गाजवायचंही मलाच आहे."

"गाजवतात कसं?"

हा टोमणा नव्हता. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"रोज मुखडा म्हणून टाकतो. तीस सेकंद. कधी घाटावर, कधी गच्चीवर, एकदा तर रिक्षात. तीन महिने झाले."

"आणि लोकांना काय सांगतोस?"

"आवडलं तर लाईक करा, चार जणांना पाठवा."

"गाणं झाल्यावर?"

"आधीच. नंतर कोणी थांबत नाही."

"दाद आधीच मागायची?" अक्का विचारात पडल्या. "दाद कोर्टात मागतात, असं मला वाटायचं..."

शार्दूलला हसू आलं नाही. त्याचं ठरलं होतं, आणि ते त्याने सांगून टाकलं. पाडव्यापर्यंत गाणं चाललं नाही, तर काढून टाकायचं. मग ऑर्केस्ट्रात जायचं, दुसऱ्यांची गाणी म्हणायची, स्वतःचं पुन्हा काही करायचं नाही. अक्कांना वाईट वाटलं.

"मग माझ्याकडून काय हवं?"

"कॅमेऱ्यासमोर दोन वाक्यं बोला. हा माझा शिष्य, याचं गाणं ऐका. बास."

"मी ऐकलंय कुठं अजून?"

शार्दूल गडबडला. तेवढं त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. त्याने घाईघाईने मोबाइल पुढे केला. पडद्यावर एक रेघ होती. वरून निघालेली, एकदम खाली घसरलेली.

"हे बघा. पूर्ण गाणं किती जण कुठवर ऐकतात, त्याची रेघ. इथं, तिसाव्या सेकंदाला, सगळे उठून जातात."

"घरात बसून ऐकणारे कधी उठले, तेही यात दिसतं?" अक्कांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "कमाल आहे. आणि ही शेवटपर्यंत गेलेली बारीक रेघ कुणाची?"

"ते थोडेच आहेत. त्यांचं काय!"

अक्कांनी मोबाइल उपडा ठेवला.

"म्हण बघू."

शार्दूलने डोळे मिटले.

"सांग वाऱ्या, कोणत्या गावास आता जायचे..."

आवाज छान लागला होता. अक्कांची मान हलली. त्याने मुखडा पुन्हा म्हटला, तिसऱ्यांदा म्हटला, आणि थांबला.

"पुढं?"

त्याने परत मुखडाच धरला.

"ते झालं. अंतरा?"

शार्दूलने तोंड उघडलं...

काही आलं नाही.

तीन महिने रोज मुखडा म्हटला होता. रेकॉर्डिंगच्या दिवसानंतर अंतरा एकदाही नाही. स्वतः लिहिलेले शब्द, आणि एक अक्षर आठवेना. कान लाल झाले. हात मोबाइलकडे गेला. अक्कांनी त्यावर आपला हात ठेवला.

खोलीत फक्त कानशीचा आवाज.

मग तोही थांबला.

"वाट नाही पाहिली मी, वाट केली मोकळी," कोपऱ्यातून बशीरचाचा म्हणाले. आवाज जाडाभरडा, पण सूर जागेवर. "अंगणाने ओळखावे कोण येथे यायचे..."

शार्दूल बघतच राहिला.

"चाचा, तुम्ही... तुम्ही हे शेवटपर्यंत ऐकलंत?"

"आता खरं सांगू? पहिल्यांदा नाइलाज होता. एका हातात कानस, दुसऱ्यानं घोडी धरलेली. मोबाइल आपला आपण वाजत होता. दुसरं गाणं लावायला हात मोकळा नव्हता."

शार्दूलचा चेहरा पडला.

"आणि दुसऱ्यांदा?" अक्कांनी विचारलं.

"दुसऱ्यांदा हात धुऊन लावलं."

आणि चाचा पुन्हा कामाला लागले, जणू कोणी त्यांना वेळ विचारली होती आणि त्यांनी सांगितली.

शार्दूलचे डोळे भरून आले. पण सवय जाते कुठे! दुसऱ्याच क्षणी त्याने मोबाइल सुलटा केला.

"चाचा, हेच एकदा कॅमेऱ्यासमोर म्हणाल? तीस सेकंदांत बसवू."

चाचांनी हसून मान हलवली. ना हो, ना नाही. कानस चालूच.

शार्दूलने हळूच मोबाइल खिशात टाकला.

"अक्का... मग गाणं ठेवू, की काढू?"

"ज्याला अंतरा येतो," अक्का म्हणाल्या, "त्याला विचार."