कापडामागची भिंत

पूर्वी शंखपूर नगरात अरिंदम राजाचे राज्य होते, तेव्हा बोधिसत्त्वांचा जन्म एका गृहस्थाच्या कुळात झाला. विणकरांच्या आळीत त्यांचे मातीचे एक घर होते. ते सोणक नावाच्या विणकराला भाड्याने दिलेले होते.

विणकर पाय सोडून बसायला मागाखाली खड्डा खणतो. सोणकाने तो उजेडासाठी खिडकीच्या भिंतीला अगदी खेटून खणला. उन्हाळ्यात सूत तटातट तुटू लागले, तेव्हा हवा ओलसर राहावी म्हणून तो खड्ड्यात घागरी-घागरी पाणी ओतू लागला. व्हायचे तेच झाले. भिंतीचा पाया भिजला आणि वरपर्यंत तडा गेला.

सोणकाच्या तोंडचे पाणी पळाले. भाडेकरूने भिंत पाडली तर त्याचा माग घरमालकाचा, अशी त्या आळीची रीत होती. मागच गेला तर खायचे काय? त्याने तड्यावर कापड टांगले आणि कोणालाच सांगितले नाही, बायकोलाही नाही. तिस्साचे तर दिवस भरत आले होते, आणि ती त्याच भिंतीशी झोपायची.

“तू चुलीपाशी झोप ना,” तो म्हणाला.

“या उकाड्यात? डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?”

रात्रभर त्याचा डोळ्याला डोळा लागत नसे. माती जराशी झरली तरी काळजात धस्स होई.

एके दिवशी दुपारी बोधिसत्त्व आले. तिस्सा भिंतीशी पडली होती.

“घर ठीक आहे ना, सोणका?”

“ठीक आहे, मालक.”

तेवढ्यात कापडामागून ढेकूळ पडले. बोधिसत्त्वांनी कापडाला हातही लावला नाही. “आधी हिला बाहेर घे,” ते म्हणाले आणि स्वतःच तिस्साला आधार देऊन अंगणात घेऊन गेले. सोणक मागोमाग धावला. थोड्याच वेळात भिंत बसली.

आळी गोळा झाली. “माग तुमचा झाला,” लोक बोधिसत्त्वांना म्हणाले. सोणकाने मान खाली घातली.

खड्ड्यातले पाणी आणि भिजलेला पाया पाहून बोधिसत्त्व म्हणाले, “भिंत तुझ्या पाण्याने पडली, ती तूच बांधायचीस. पण विणकराला घर देताना खड्डा कुठे खणावा हे मी दाखवले नाही, म्हणून माती मी वाहीन. माग तुझ्याकडेच राहू दे. ज्या रीतीच्या धाकाने माणूस बायकोला पडत्या भिंतीखाली झोपू देतो, ती माझ्या घरात नको.”

तिस्साने नवऱ्याकडे पाहिले. “म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

सोणकाला ‘हो’ म्हणावे लागले, आणि तो ढसाढसा रडला.

विहाराचे मोडके छप्पर भीतीने लपवणाऱ्या एका भिक्षूला शास्त्यांनी, म्हणजे भिक्षूंच्या गुरूंनी, ही कथा सांगितली. पुढे ते म्हणाले, “त्या जन्मी सोणक तू होतास, तिस्सा म्हणजे त्याच छपराखाली निजणारा तुझा सोबती, आणि तो घरमालक मी. चूक कबूल करायला माणसाला भीती वाटू नये असे वागणे, हेच अभयदान.”