घंगाळभर चहा आणि वीतभर नळी

सरकारांची मोटार तिसऱ्यांदा बंद पडली ती आठवडी बाजारात, कोंबड्यांच्या टोपल्यांच्या मधोमध. संस्थानं जाऊन जमाना झाला, पण खडकओहोळात सर्जेरावांना सगळे सरकारच म्हणत, आणि त्यांनाही दुसरं काही म्हटलेलं ऐकू येत नसे. ते कोंबड्यांच्याच टेम्पोतून घरी आले. टोपीला एक पीस चिकटलं होतं. ते आहे म्हणून सांगायची कुणाची छाती झाली नाही.

मोटार ढकलत राजवाड्यावर आणून ड्रायव्हर यसबानं टाकीतला पंप बाहेर काढला. आताशाच्या मोटारीत पेट्रोल ओढणारा पंप टाकीच्या पोटातच असतो, पेट्रोलात बुडून. त्याला जोडलेली वीतभर रबरी नळी भिजल्या पापडासारखी लिबलिबीत झाली होती. मागच्या दोन्ही खेपांना हेच झालं होतं.

"कोणी कापली?" सरकारांनी विचारलं.

"कापली नाही, सरकार. पेट्रोलानं खाल्ली."

"खोटं. ही नळी मी स्वतः पारखून आणली. अख्खं वेटोळं आणलं. त्यातलाच तुकडा इंजिनाकडं चार वर्षं धडधाकट आहे. तीच नळी, तेच पेट्रोल. मग टाकीतलीच तीन आठवड्यांत कशी जाते? टाकीत हात कोण घालतं? तू."

यसबाचा चेहरा उतरला. बावीस वर्षांत त्याच्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

"सरकार, इंजिनाकडच्या नळीत पेट्रोल नुसतं आतनं जातं. आतलं अस्तर ते सोसतं. टाकीतली नळी बाहेरनंही पेट्रोलातच बुडालेली असते, आणि बाहेरच्या रबराला ते सोसत नाही. टाकीत बुडवायची नळी निराळी मिळते. मी मागंही बोललो होतो."

"आतून सोसतं आणि बाहेरून सोसत नाही? माझ्या गळी उतरत नाही."

सरकारांच्या गळी न उतरलेल्या गोष्टी बऱ्याच होत्या. त्यात लोकशाहीही होती.

"उद्या सकाळच्या चहापर्यंत हे माझ्या गळी उतरव," ते म्हणाले. "नळी कापून दाखवायची नाही. टाकी उघडायची नाही. दुकानदार, मेस्त्री कुणी साक्षीला आणायचे नाहीत, ते सगळे एकमेकांचे मेहुणे. नाही जमलं तर चावी ठेव आणि खोली रिकामी कर."

यसबाची बायको चांगुणा चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी होती. राजवाड्यातला चहा एकोणीस वर्षं तिच्या हातचा.

"सरकार, हे काम माझ्याकडं द्या," ती म्हणाली. "तुमच्या गळी काय उतरवायचं ते रोज मीच बघते."

"तुला मोटारीतलं काय कळतं?"

"काही नाही. तुमच्यातलं कळतं."

सरकारांना हे कौतुक वाटलं. त्यांनी परवानगी दिली.

खोलीवर आल्यावर यसबा म्हणाला, "चांगुणे, भांडी बांधायला घेऊ?"

"घ्या. घंगाळ तेवढं लागंल. ते राजवाड्यातलं वापरते."

सकाळी सरकार चहाची वाट बघत बसले. चहा येईना. घसा कोरडा पडला. शेवटी चांगुणा आली ती रिकाम्या हातानं.

"चहा न्हाणीघरात काढलाय, सरकार."

न्हाणीघरात तांब्याचं मोठं घंगाळ काठोकाठ भरलेलं होतं. वाफा निघत होत्या. आलं होतं, वेलची होती, वर सायही धरली होती. शेजारी पाट आणि टॉवेल मांडला होता.

"हे काय आहे?"

"चहा. आज आंघोळ यातच. पुढच्या बाजारापर्यंत आत बसून राहायचं. मी वरनं गरम घालत जाईन."

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"का, सरकार? चहा तोच. साखर तुमच्याच मापाची. चाळीस वर्षं रोज दोनदा घेताय, कधी कुठं भाजलं का?"

सरकारांनी घंगाळात बोट बुडवलं आणि झटक्यात बाहेर काढलं.

"अगं, तो गळा आहे! आतून सोसतो. म्हणून बाहेरच्या कातडीला सोसेल का?"

यसबा दाराशी उभा होता. सायीवर एक माशी येऊन बसली.

सरकारांनी बोट तोंडात घातलं. मग घंगाळाकडं बघितलं, मग यसबाकडं.

"ती बुडवायची नळी," ते सावकाश म्हणाले, "कुठं मिळते?"

"तालुक्याला, सरकार. तिच्यावर छापलेलं असतं तसं."

"आण. पण नळीची टोकं आवळायच्या लोखंडी पट्ट्या मी आणल्यात त्याच बसवायच्या. चांगल्या खाचांच्या आहेत. गळलं तर आणखी आवळ."

"खाचा रबरात रुततात, सरकार. जितकं आवळावं तितकी नळी कापत जाते. आतनं सपाट, कडा बाहेर वळलेल्या पट्ट्या येतात, त्या..."

"हे मात्र माझ्या गळी..."

चांगुणानं पदराआडून खोबरं किसायची किसणी काढली आणि दोन्ही हातांनी अदबीनं पुढं धरली.

"आज कमरेला पट्ट्याऐवजी ही बांधा, सरकार. धोतर सैल वाटलं की आणखी आवळा."

सरकारांनी किसणीकडं बघितलं. मग स्वतःच्या पोटाकडं बघितलं. आधी मिशा हलल्या, मग पोट हललं, आणि मग ते पाटावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"सपाट आण, बाबा," ते यसबाला म्हणाले. "चावी तुझ्याकडंच राहू दे, खोलीही. चांगुणा, तुला काय देऊ?"

"घंगाळच द्या. तुम्हाला आता त्याला आल्याचा वास येत राहील. आणि बाजारातनं दूध मागवा. घरातलं सगळं यात गेलंय."

नवी नळी, नव्या पट्ट्या बसवून मोटार त्याच दिवशी निघाली. यसबा चालवत होता, शेजारी सरकार. मागच्या सीटवर चांगुणा आणि तिच्या मांडीशी दूध आणायला घंगाळ. बाजाराच्या चौकातच घर असलेल्या कोंबडीवाल्यानं दारातून मोटार पाहिली आणि सवयीनं टेम्पोचं फाळकं उघडून ठेवलं.

मोटार थांबली नाही.