गाढवाची पंचविशी

धामणी संस्थानात सरकारांच्या एक्कावन्नाव्या वाढदिवसाची गूळतुला चालू होती. एका पारड्यात सरकार, दुसऱ्यात गूळ. मुजऱ्याला आलेला तरुण ओव्हरसियर त्र्यंबक धीर करून म्हणाला, "सरकार, आपण बंधाऱ्यावर नाचमहाल बांधलात तर बंधारा फुटेल."

सरकार हसले. "ही गद्धेपंचविशी! शास्त्रीबुवा, पंचविशीलाच गाढव का जोडलं, ते सांगा. मग याला नोकरीवरून काढू."

धुंडिराजशास्त्र्यांना घाम फुटला. काशीत शिकूनही त्यांना स्वतःच्या नावाखेरीज कशाचीच खात्री वाटत नसे. पण बंधाऱ्याखाली अर्धं गाव होतं.

"नक्की ठाऊक नाही, अंदाज सांगतो," ते चाचरत म्हणाले. "गाढव फार तर पंचवीस वर्षं जगतं. त्याचा गाढवपणा तिथेच संपतो. माणूस मात्र पुढेही जगतो."

"म्हणजे?"

"म्हणजे गाढव पन्नाशी गाठत नाही. म्हणून त्याच्या हातून बंधाऱ्यावर महाल बांधला जात नाही."

दरबारी गुळाकडे बघू लागले. पारडं वर उचललेलं, त्यामुळे सरकारांना उठूनही जाता येईना. बराच वेळ ते तसेच झुलत राहिले.

"महाल टेकडीवर बांधा," शेवटी ते म्हणाले. "पोराला राहू द्या. आणि यातला गूळ शास्त्रीबुवांना द्या, जिभेला लावायला."