हाकेचा कातळ

शके सतराशे अठ्ठ्याऐंशी, भाद्रपद महिना, कारवी फुललेले वर्ष. तळसडे गावाच्या माथ्यावर जो काळा कातळ दिसतो, त्याला हाकेचा कातळ हे नाव तेव्हा पडले. त्याआधी त्याला नाव नव्हते.

नारोपंत नावाचे पंतोजी पाटलांच्या ओट्यावर शाळा घेत. एके सकाळी ते सुभानजी पाटलांना म्हणाले, "पोरांना सड्यावर नेतो. सात वर्षांनी फूल आलंय. वाट माहीत असलेला एक माणूस सोबत द्या."

पाटील हसले. "पंतोजी, कारवीला बाराखडी येते का? भातं उभी आहेत. माणूस मिळायचा नाही. न्यायची तर तुमच्या जिवावर न्या."

पंतोजींनी नेली.

डोंगरमाथ्यावरचा सपाट सडा जांभळा झाला होता, असे सांगतात. पोरे फुलांत गळ्यापर्यंत बुडाली. मधमाश्यांची गुणगुण जमिनीतून येते आहे असे वाटे. मग धुके आले. ते वरून उतरले नाही, फुलांतूनच उगवले म्हणे. पोराला पोर दिसेना. सड्याच्या दोन्ही अंगांना कडा.

पंतोजी कातळावर चढले आणि एकेकाला नावाने हाक मारू लागले. हाकेच्या रोखाने एकेक पोर आले, कातळाला टेकून बसले. दोघे येईनात. दुपार कलली. आवाज फाटला, पण हाक थांबली नाही. अखेर ते दोघे हातात हात घालून धुक्यातून आले, जणू झोपेतून चालत आले. त्याच क्षणी धुके उठले, आणि जाताना पंतोजींचा आवाज घेऊन गेले.

काढे झाले, नवस झाला. आवाज परतला नाही. त्या काळी शाळा म्हणजे पंतोजींनी सांगायचे आणि पोरांनी मोठ्याने म्हणायचे. पंधरवड्याने पंतोजी ओट्यावर आले, धूळपाटीवर बोटाने लिहिले आणि पाटी पाटलांपुढे सरकवली. पाटलांना वाचता येत नव्हते. पोरांनीच एका सुरात वाचले, "मुका पंतोजी काय कामाचा? मी गाव सोडतो."

मागून आलेल्या दोघांत पाटलांचा नातू होता. तोही वाचत होता. पाटील बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"आवाज आमच्या पोरांपायी गेला," ते म्हणाले. "तुम्ही माणूस मागितला, मी दिला नाही. हे ऋण गावावर आहे. पोरांना घेऊन वर चला. बोलायला माणूस मी देतो."

पंतोजींनी धूळ सारखी करून पुन्हा लिहिले.

"कोण?" पोरांनी वाचले.

"आधी मी."

कातळावर उभे राहिल्यावर पाटलांना शब्द सुचेना. पोरे फिदीफिदी हसली. पंतोजींनी काठीने कारवी दाखवली. तेव्हा पाटील बोलू लागले. कारवी कधी तोडावी, भिंतीचा कूड कसा विणावा, वर शेण-माती कशी लिंपावी. ते एकेका वस्तूचे नाव घेत आणि पंतोजी ते खडूने कातळावर लिहीत. दुसऱ्या दिवशी कुंभारीण आली. मग धनगर आला. अशी घरोघरची पाळी लागली. पंतोजी गाव सोडून गेले नाहीत.

आजही तळसड्याचे गुरुजी पोरांना घेऊन बाहेर निघाले, की पाळी असलेल्या घरचा माणूस हातातले काम खाली ठेवतो आणि त्यांच्या पुढे चालू लागतो. त्याचे कोणी आभार मानत नाही. गाव ऋण फेडते.